गुलमर्गमधील नवशिक्यांची स्नोबोर्डिंग शिकवणी: पाच दिवसांचा अनुभव

गेल्या फेब्रुवारीत मी आणि माझी चौदा वर्षांची भाची, अशा आम्ही दोघींनी काश्मीरमध्ये गुलमर्गला पाच दिवस स्नोबोर्डिंगची, म्हणजे दोन्ही पाय एकाच फळीला (बोर्डाला) अडकवून बर्फाच्या उतारावरून घसरण्याच्या खेळाची, प्राथमिक शिकवणी घेतली. मी गोव्यात डिचोलीला माध्यमिक शाळेत शिकवते. आमच्याकडे बर्फ म्हणजे मासळीच्या टोपलीत घालतात तो, आणि शेजारच्या सत्तरी तालुक्यातला सर्वांत उंच डोंगरसुद्धा बाराशे मीटरांच्या आतला. त्यामुळे निघण्यापूर्वी नेमके काय विचारावे, कशाची तयारी करावी आणि पैसे कशासाठी मोजावेत हे सांगणारे जवळपास कोणीही नव्हते. गोव्यातून असा बेत करणाऱ्या इतरांना उपयोग व्हावा म्हणून हा अभिप्राय सविस्तर लिहीत आहे. आम्हाला शिकवणारे गृहस्थ स्थानिक असून एकट्यानेच काम करतात, आणि त्यांची परवानगी घेतलेली नसल्यामुळे त्यांचे नाव येथे देत नाही; मात्र त्यांची पद्धत अशी आहे की, दुसऱ्या कोणाकडे शिकायचे ठरवले तरी ती डोळ्यांपुढे ठेवून चौकशी करता येईल.

ही शिकवणी मला मनापासून आवडली, आणि आवडण्याचे मुख्य कारण असे की पहिले दोन दिवस सरांनी आम्हाला वळायला शिकवलेच नाही. उभे राहणे, पडणे, पडल्यावर उठणे आणि थांबणे, एवढ्याच चार गोष्टींवर त्यांनी ते दोन दिवस घालवले. याचे मोल मला विशेष वाटते, कारण त्याच्या आदल्या वर्षी दुसऱ्या एका थंड हवेच्या ठिकाणी आम्ही तासाभराचे ‘प्रशिक्षण’ घेतले होते. तेथील माणसाने पायांत फळी अडकवली, हात धरून उतारावरून ओढत नेले, छायाचित्रे काढली आणि शेवटी हात सोडून दिला. थांबायचे कसे हे कोणी सांगितलेच नसल्यामुळे मी पडेपर्यंत घसरत गेले, पडताना हात मागे टेकला, आणि मुरगळलेल्या मनगटाने पुढे तीन आठवडे मला फळ्यावर खडूने लिहिता आले नाही. स्नोबोर्डिंग शिकणाऱ्यांना होणाऱ्या दुखापतींत मनगटाची दुखापत सर्वांत जास्त आढळते, हे मला नंतर कळले. ते आधी कळणे माझा हक्क होता, आणि पैसे घेऊन शिकवणाऱ्याचे ते पहिले कर्तव्य होते, असे मला आजही वाटते.

या वेळी शिकवणी ठरवताना सरांनी फोनवरच दोन कामे सांगितली होती: गुडघे वाकवून उभे राहण्याचा सराव करा, आणि मऊ जागेवर पडायला शिका. पहिल्यासाठी आम्ही घराजवळच्या सुताराकडून जाड प्लायवूडची हातभर रुंद फळी कापून घेतली आणि ती पाण्याच्या जाड पाइपच्या तुकड्यावर आडवी ठेवून, भिंतीला हात लावून रोज दहा मिनिटे तीवर उभे राहू लागलो. दुसऱ्यासाठी रविवारी सकाळी मांद्रेच्या किनाऱ्यावरची वाळू पुरेशी होती. आमच्याकडच्या लोकांना यातले निम्मे शरीराने आधीच ठाऊक असते, असे मला तेव्हा जाणवले. रायबंदरहून चोडणला जाणारी फेरीबोट धक्क्याला लागताना जो हादरा बसतो, त्यात पाय ताठ ठेवून उभा असलेला माणूस पुढच्याच्या अंगावर जातो, आणि रोज ये-जा करणारा मात्र कशालाही न धरता गुडघ्यांतच तो हादरा जिरवतो. बोर्डवरची उभे राहण्याची पद्धत नेमकी तीच आहे: घोटे, गुडघे आणि कंबर थोडी सैल, पाठ फार न झुकवता, आणि वजन दोन्ही पायांच्या मधोमध.

प्रवासाबद्दल थोडक्यात सांगते. गोव्यातल्या मोपा विमानतळावरून दिल्लीमार्गे श्रीनगर, तेथून सुमारे पन्नास किलोमीटर गुलमर्ग. बर्फ पडलेला असल्यामुळे वाटेतल्या तंगमर्गला आम्हाला चाकांना साखळ्या लावलेल्या गाडीत बसावे लागले. याच तंगमर्ग भागातला आरिफ खान २०२२ च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकमध्ये स्कीइंगसाठी भारतातर्फे उतरला होता, आणि गाडीवाल्यापासून चहावाल्यापर्यंत सगळे त्याच्याविषयी घरातल्या मुलाविषयी बोलावे तसे बोलतात. गुलमर्गची उंची सुमारे २६५० मीटर आहे, आणि आपण समुद्रकाठची माणसे असल्यामुळे पहिल्या दिवशी चार पायऱ्या चढल्या तरी धाप लागते. पोहोचल्याच्या दिवशी काहीही न करता विश्रांती घ्यावी, हा सरांचा सल्ला आम्ही पाळला आणि त्याचा फायदा झाला.

आता साहित्याविषयी, कारण नवशिक्याचा पहिला दिवस तिथेच सुधारतो किंवा बिघडतो. बोर्ड आणि बूट आम्ही तेथील एका दुकानातून भाड्याने घेतले, आणि या दुकानाबद्दल माझी तक्रार आहे. दुकानदाराने पायाचे माप न घेता, नेहमीच्या चपलेचा क्रमांक विचारून, वर ‘जाड मोजे आहेत ना’ म्हणून एक माप मोठेच बूट दिले. मला ते आरामदायक वाटले आणि मी काही बोलले नाही. उतारावर गेल्यावर सरांनी मला जागेवरच टाचा उचलायला सांगितल्या, आणि बुटाच्या आत माझी टाच दोन बोटे वर आली. त्यांनी तिथेच शिकवणी थांबवली आणि आम्हाला घेऊन ते पुन्हा दुकानात गेले. बोर्डाला हुकूम जातो तो पायाच्या तळव्यातून आणि नडगीतून; बुटातच टाच हलत असेल तर आपण बोटांवर जोर दिला तरी तो बोर्डाच्या कडेपर्यंत पोहोचत नाही, आणि शिकणाऱ्याला आपल्यालाच जमत नाही असे वाटत राहते. बूट योग्य असल्याची खूण त्यांनी अशी सांगितली: ताठ उभे राहिल्यावर अंगठा पुढच्या टोकाला हलकेच टेकला पाहिजे, गुडघे वाकवल्यावर तो किंचित मागे सरकला पाहिजे, आणि टाच मात्र जागची हलता कामा नये. मोजे एकच घालायचे, दोन नव्हे. दोन मोज्यांच्या मध्ये वळ्या पडतात आणि पाय उलट जास्त गार पडतो. बोर्डाची लांबी उभा धरल्यावर साधारणपणे हनुवटी ते नाक यांच्या दरम्यान यावी, पण उंचीपेक्षा वजनाला जास्त महत्त्व आहे, म्हणून माझ्याएवढ्याच उंचीच्या भाचीला माझ्यापेक्षा आखूड बोर्ड मिळाला. पाय अडकवण्याच्या पट्ट्यांचा जो संच असतो त्याला बाइंडिंग म्हणतात. तो सरांनी स्वतः पेचकसाने सैल करून, पुढचा पाय सुमारे पंधरा अंश पुढे वळलेला आणि मागचा थोडा उलट दिशेला, असा पुन्हा बसवला.

कोणता पाय पुढे ठेवायचा, हा प्रश्न त्यानंतरचा. डावा पाय पुढे असेल तर ‘रेग्युलर’, उजवा पुढे असेल तर ‘गूफी’, अशी नावे आहेत, आणि त्यात चांगले-वाईट काही नाही. काही ठिकाणी पाठीमागून अचानक ढकलून कोणता पाय पुढे पडतो ते पाहतात; सरांनी तसे केले नाही. दाबून घट्ट झालेल्या बर्फावर बूट घालून धावत येऊन घसरा, एवढेच त्यांनी सांगितले, आणि तीनदा घसरायला लावून निर्णय दिला. मी रेग्युलर ठरले, भाची गूफी. ती शाळेच्या फुटबॉल संघात डाव्या पायाने खेळते, म्हणून तिचा उजवा पाय पुढे आला असावा असे मला वाटले, पण या हिशेबावर विसंबू नका, प्रत्यक्ष घसरूनच पाहा, असे सरांचे म्हणणे होते.

पहिला दिवस पडण्यात आणि एका पायावर गेला. पुढे पडताना गुडघे टेकून, मुठी मिटून, कोपरापासून मनगटापर्यंतचा सगळा हात एकदम बर्फाला लागू द्यायचा. मागे पडताना हात छातीशी घेऊन, हनुवटी छातीला लावून, खाली बसत बसत पाठीवर जायचे. हात मागे टेकायचा मोह इतका जबर असतो की मांद्रेच्या वाळूत केलेला सराव नसता तर मी पुन्हा तीच चूक केली असती. मनगटाला आधार देणारे पट्टे आणि हेल्मेट त्यांनी सक्तीचे केले होते. मग फक्त पुढचा पाय बाइंडिंगमध्ये अडकवून, मागच्या मोकळ्या पायाने रेटत सपाटीवर चालणे, आणि त्यानंतर अगदी सौम्य उतारावर मोकळा पाय बोर्डावर दोन्ही बाइंडिंगच्या मध्ये टेकवून सरळ घसरत जाणे. १९६५ मध्ये अमेरिकेतील मिशिगनमध्ये शर्मन पॉपेन या गृहस्थांनी आपल्या मुलींसाठी दोन स्की, म्हणजे एरवी एकेका पायाला वेगळ्या बांधायच्या लांब पट्ट्या, एकत्र जोडून जे खेळणे केले, त्यातूनच पुढे हा खेळ वाढत गेला आणि १९९८ साली नागानोच्या ऑलिंपिकपर्यंत पोहोचला, ही गोष्ट सरांनी या सरावात आम्हाला सांगितली. पुढे त्या खेळण्याच्या टोकाला हातात धरायला दोरी लावत. आजच्या बोर्डाला ती नाही, हातात स्कीसारख्या काठ्याही नाहीत, म्हणून तोल सांभाळण्याचे सगळे काम गुडघ्यांनी आणि नजरेनेच करायचे असते.

दुसऱ्या दिवशी जे शिकलो ते माझ्या मते या शिकवणीचे खरे सोने आहे. उतारावर बसायचे, दोन्ही पाय अडकवायचे, बोर्ड उताराला आडवा ठेवायचा आणि टाचांकडची कड बर्फात रोवून उभे राहायचे. शिकवणारे या कडेला ‘हील-एज’ म्हणतात आणि बोटांकडच्या कडेला ‘टो-एज’. पायाची बोटे वर उचललेली असली की कड रुतते आणि आपण जागच्या जागी थांबतो. बोटे किंचित खाली सोडली, अगदी एखाद्या अंगुळभर, की बोर्ड आडवाच हळूहळू खाली घसरू लागतो. पुन्हा बोटे उचलली की थांबतो. याला ‘साइड-स्लिप’ म्हणतात. सकाळचे दोन तास आम्ही हेच केले. मोटारसायकलचा क्लच सोडताना हाताला जो अंदाज लागतो, तसाच अंदाज तळव्याला लागायला वेळ हवा असतो, आणि तो वेळ सरांनी दिला. ते माझ्या चार हात खाली उभे राहून काठीने बर्फावर एक रेघ ओढत आणि तिच्यावर थांबायला सांगत. पहिल्या पंधरा-वीस वेळा मी रेघ ओलांडून गेले. नंतर अलीकडे थांबू लागले. शेवटी एकदा बोर्डाची कड रेघेवर आली, बर्फाचा करकर असा बारीक आवाज झाला आणि मी थांबले, तेव्हा माझ्याकडे न बघता, नवीन रेघ ओढत ते म्हणाले, ‘अब पहाड़ आपका है, दीदी.’

दुपारी हेच उलट बाजूने, म्हणजे तोंड डोंगराकडे आणि पाठ दरीकडे करून, बोटांकडच्या कडेवर. हे मला अधिक कठीण गेले, कारण आपण कुठे चाललो आहोत ते दिसत नाही. इथे कमरेत वाकून बर्फाकडे पाहिले की तोल गेलाच. गुडघे डोंगराच्या दिशेने दाबायचे, नडगी बुटाच्या पुढच्या जिभेवर टेकवायची आणि कंबर पुढे ठेवायची. याच वेळी सरांनी ‘कड अडकणे’ म्हणजे काय ते समजावले, आणि हे प्रत्येक नवशिक्याला पहिल्याच तासात सांगितले पाहिजे असे माझे ठाम मत आहे. बोर्ड आडवा घसरत असताना नेहमी डोंगराकडचीच कड बर्फात हवी. दरीकडची कड क्षणभर जरी खाली टेकली तरी ती बर्फात रुतते, बोर्ड जागीच थांबतो, आणि शरीर मात्र त्याच वेगाने दरीकडे फेकले जाते. टाचांच्या कडेवर असताना असे झाले तर माणूस तोंडावर पडतो. बोटांच्या कडेवर असताना झाले तर पाठीवर आणि डोक्यावर, म्हणून दुसरा प्रकार जास्त घातक. आदल्या वर्षी मी नेमकी का पडले, ते मला या स्पष्टीकरणानंतर प्रथमच समजले.

तिसऱ्या दिवशीच्या हालचालीला ‘फॉलिंग लीफ’, म्हणजे गळते पान, असे नाव आहे आणि ते अगदी सार्थ आहे. पिंपळाचे पान जसे एकदा इकडे, एकदा तिकडे तरंगत खाली येते, तसेच कड न बदलता, वजन कधी डाव्या पायावर तर कधी उजव्या पायावर देत, तिरके जात खाली यायचे. भाचीला हे लगेच साधले. ती वरून ओरडून म्हणाली, ‘आत्या, जिथे बघते तिथे बोर्ड आपोआप जातो!’ आणि खरोखरच, मान वळली की खांदा वळतो, खांद्यामागून कंबर आणि कमरेमागून बोर्ड.

वळणे चौथ्या दिवशी आली. वळण म्हणजे एका कडेवरून दुसऱ्या कडेवर जाणे, आणि या दोहोंच्या मध्ये बोर्ड क्षणभर पूर्ण सपाट होऊन त्याचे नाक, म्हणजे पुढचे टोक, थेट उताराकडे होते. तो क्षण भीतीचा असतो. भीतीने माणूस मागे रेलतो, वजन मागच्या पायावर जाते, पुढचे टोक हलके होऊन बर्फावर नुसतेच भिरभिरते आणि बोर्ड वळण्याऐवजी सरळ वेग घेतो. पावसाळ्यात शेवाळलेल्या चिऱ्याच्या पायऱ्या उतरताना जो मागे रेलून उतरतो त्याचेच पाय पुढे निसटतात, हे आपल्याकडे लहान मुलालाही ठाऊक आहे. उतारावर मात्र ते आठवत नाही. सरांनी यासाठी एक छोटी युक्ती दिली: वळण्यापूर्वी पुढच्या हाताने पुढच्या गुडघ्याला स्पर्श करा. हात तिथवर नेला की वजन आपसूक पुढे येते. मग पुढच्या पायाची बोटे दाबायची, नाक उताराकडे झुकू द्यायचे, थांबायचे, आणि मागचा पाय त्याच्यामागून आणायचा. दोन्ही पाय एकाच वेळी फिरवले तर मागचे टोक फरफटत येते; पुढचा आधी आणि मागचा नंतर, असा बोर्डाला थोडा पीळ दिला तर वळण गोल येते. दुपारपर्यंत मला टाचेकडून बोटांकडचे वळण येऊ लागले, उलट बाजूचे मात्र शेवटपर्यंत कच्चेच राहिले.

उणिवाही सांगितल्या पाहिजेत. शिकवणीआधी अंग मोकळे करण्याचा व्यायाम सर घेत नव्हते, आणि आम्हा किनारपट्टीच्या माणसांचे आखडलेले घोटे पाहता तो अत्यावश्यक होता. तिसऱ्या दिवसापासून आम्ही तो स्वतःच खोलीवर करून निघू लागलो. दोरीने वर ओढून नेणाऱ्या लिफ्टवर एक पाय मोकळा ठेवून उभे राहण्याचा पुरेसा सराव न देताच त्यांनी भाचीला वर पाठवले, आणि ती दोनदा मध्येच पडली. इतक्या काळजीपूर्वक शिकवणाऱ्या माणसाकडून ही घाई मला अपेक्षित नव्हती, आणि मी तसे त्यांना सांगितलेही. त्यांनी दुसऱ्या दिवशी सकाळी अर्धा तास त्यासाठीच दिला.

गोव्यातून जाणाऱ्यांसाठी आणखी थोडे. जीन्स आणि सुती कपडे अजिबात नकोत. नवशिक्याचा निम्मा वेळ बर्फात बसण्यात जातो आणि ओले सुती कापड अंगाला चिकटून हुडहुडी भरवते. वरची पँट आणि हातमोजे पाणी आत न घेणारे हवेत. हातमोजे तर दोन जोड न्यावेत, कारण एक जोड रात्रभरात वाळत नाही. ऊन बर्फावरून परतून डोळ्यांवर येते, म्हणून गॉगल ढगाळ दिवशीही लागतो. पाचांपेक्षा कमी दिवसांची शिकवणी घेण्यात मला अर्थ वाटत नाही, कारण इतक्या लांबच्या विमानभाड्यापुढे शिकवणीचे दोन दिवस वाचवून फारसे काही साधत नाही. गुलमर्गचा गोंडोला, म्हणजे तारेवरून वर नेणारा पाळणा, दुसऱ्या टप्प्यात साडेतीन हजार मीटरच्या वर नेतो. तेथील उतार खुले आणि तीव्र आहेत, हिमस्खलनाचा धोकाही असतो, म्हणून बोर्ड घेऊन तिथे जाण्याचा विचार नवशिक्याने करू नये, मग कोणी कितीही आग्रह करो. शिकवणी ठरवताना एकच प्रश्न आवर्जून विचारा: पहिल्या दिवशी काय शिकवाल? उत्तरात पडणे आणि थांबणे हे दोन शब्द आले नाहीत, तर दुसरा शिक्षक शोधा.

शेवटच्या दुपारी सरांनी आम्हाला सरावाच्या उताराच्या माथ्यावर नेले आणि ते स्वतः आमच्याआधी खाली गेले. भाची सहा वळणे जोडून उतरली. माझी तीन वळणे झाली, चौथ्याला मी बसले, उठले आणि पुन्हा निघाले. उतार संपायच्या थोडे अलीकडे त्यांनी काहीही न बोलता काठीने बर्फावर एक रेघ ओढली. मी बोटे उचलली, टाचांकडची कड रुतली, आणि बोर्ड त्या रेघेवर थांबला.